दहावी ओळ

मकरपुऱ्याच्या माझ्या शेडमध्ये
दोन लेथ, एक ड्रिल, पॉलिशिंगचं एक जुनं चाक,
आणि हजेरीपटावर नऊ नावं.
नऊच.
किरीटभाई दर महिन्याच्या सात तारखेला
स्कूटरवरून येतात, चष्मा कपाळावर चढवतात,
बोट जिभेला लावून पान उलटतात
आणि म्हणतात, बेन, नऊ एटले नऊ.
दहा झाले की विमा आला, ग्रॅच्युइटी आली,
तपासनीस आला, त्याच्यासाठी सेवउसळ आली.
धंदा छोटा आहे तोवर छोटा दिसू द्या.

मला पटायचं.
लहानपणी पाहुणे जास्त झाले की
आई म्हणायची, तुम्ही मुलं मागच्या पंगतीला.
हजेरीपटालाही एक मागची पंगत असते.

जशीबेन त्या पंगतीतल्या.
सकाळी सगळ्यांच्या आधी शटरपाशी.
झाडू, पाणी, दोन वेळचा चहा,
आणि मधल्या सगळ्या वेळात
पितळी नटांच्या कडा घासत बसतात,
कुणाच्या हाताला लागेल अशी धार राहू नये म्हणून.
त्यांच्या स्वतःच्या बोटांवर
हिरवट रेघ आहे, साबणानं न जाणारी.
पगार वेळेवर. दिवाळीला साडी, मिठाई.
वहीत तो पगार 'चहा-साखर' खात्यात.
एका वर्षी किरीटभाई हसले होते:
नऊ माणसं, आणि एवढी साखर?
डायबिटीस होईल धंद्याला.

परवा त्या केबिनच्या दारात उभ्या राहिल्या,
पदराला हात पुसत.
नातवाच्या शाळेनं कागद मागितलाय,
घरात कमावतं कोण, कुठं.
"लिहून द्या ना, बेन.
इथं काम करते, एवढंच."

एवढंच.
लेटरहेड काढलं. शिर्के ब्रास कंपोनंट्स.
'दाखला देण्यात येतो की'
इथवर पेन सरळ गेलं.
'सदर महिला आमच्याकडे नोकरीस'
कोण म्हणतं? कुठल्या पानावर?
जी बाई कागदावर नाही
तिला मी कसला कागद देणार?
आणि 'रुजू दिनांक'.
आजचा घातला तर खोटं,
खरा घातला तर मागची वर्गणी, तिच्यावर व्याज,
व्याजावर दंड, दंडावर किरीटभाईंचा चेहरा.
शिवाय खरा मला आठवतही नव्हता.

तुम्ही आलात कधी हो, जशीबेन?

पट्टा तुटला होता ना, मोठ्या लेथचा, त्या दिवशी.
तुम्ही कुणावर तरी ओरडत होता.
मला म्हणालात, उभी काय राहिलीस, तेल पूस.
मी पुसलं.

फाईल काढली. पट्ट्याचं बिल होतं.
तारीख, क्रमांक, सहा महिन्यांची हमी,
मागे मेकॅनिकची सही,
पट्टा पुन्हा कधी तपासायचा तेसुद्धा
माझ्याच अक्षरात, लाल पेनानं.
रबराच्या एका तुकड्याचं
एवढं सगळं मी जपून ठेवलं होतं.

सव्वाचार वर्षं.
पाचाला नऊ महिने कमी.

बाहेर इद्रीसनं चाक बंद केलं. जेवणाची सुट्टी.
चाक थांबायला वेळ घेतं,
बटण दाबल्यावरही बराच वेळ फिरत राहतं.

दहावी ओळ छापलेली असतेच.
अकरावी, बारावीही. पान तीस ओळींचंच मिळतं,
दांडियाबझारच्या दुकानदारानं
किती माणसं म्हणून विचारलं नव्हतं.
लिहिलं: वसावा, जशीबेन.
पुढे नवऱ्याचं नाव. ते विचारावं लागलं.
बिलावरून तारीख उतरवली.

फोन वाजतो आहे. किरीटभाई.
वाजू दे, शाई अजून ओली आहे.
जशीबेन उभ्याच आहेत.
मी म्हणते, बसा ना.
त्या इकडेतिकडे बघतात,
मग मीही बघते:
या केबिनमध्ये दुसरी खुर्ची नाही.